जुनं ठिगळ उसवताना : मोठ्या कोडबेसमधला विचित्र जुगाड काढण्याचा क्रम

जुन्या कोडमध्ये एखादं विचित्र ठिगळ सापडतं. वर कॉमेंट असली तर 'तात्पुरतं, नंतर काढणे' एवढीच. कुणीतरी चौकशी करतं, मूळ अडचण कधीच संपली असं कळतं, मग चार ओळी उडवल्या जातात. टेस्ट हिरव्या राहतात, पीआर (बदल सामील करण्याची विनंती) मर्ज होतो, आणि पंधरा दिवसांनी भलत्याच कोपऱ्यातून बोंब येते.

बहुतेक वेळा चूक एकच असते. विचारायचे प्रश्न दोन आणि विचारलेला एकच. 'हे का आलं?' हे सगळे विचारतात. 'आज यावर कोण टेकून उभं आहे?' हा प्रश्न, पहिल्याचं उत्तर मिळाल्याच्या आनंदात, राहून जातो. शिवाय कोड काढणं हे या कामातलं जवळजवळ शेवटचं पाऊल आहे, आणि लोक सुरुवात तिथूनच करतात.

समजायला सोपं जावं म्हणून लेखभर एकच उदाहरण घेऊ. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'यूटीएफ८' नावाचा जो जुना कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) आहे, तो एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. बहुतेक इमोजींना चार लागतात. चार बाइटांचा 'यूटीएफ८एमबी४' हा प्रकार २०१० साली ५.५.३ आवृत्तीत आला. त्याआधीच्या टेबलांवर चालणाऱ्या अनेक अ‍ॅप्लिकेशनांत मजकूर साठवण्याआधी चार बाइटांची अक्षरं गुपचूप गाळून टाकणारं एक फंक्शन असायचं. कालांतराने टेबलं बदलली, गाळणी मात्र राहिली. ती आपल्याला काढायची आहे.

## १. ठिगळाची हद्द आखा

ते नक्की काय करतं हे एका वाक्यात लिहा. ते का करतं हे आत्ता नको. 'साठवण्याआधी चार बाइटांची अक्षरं काढून टाकतं आणि कुणाला सांगत नाही' असं वाक्य चालेल. 'एन्कोडिंगचा प्रॉब्लेम सोडवतं' हे वाक्य चालणार नाही, कारण त्यावरून काहीच तपासता येत नाही.

मग त्याच्या प्रती शोधा. फंक्शनच्या नावाने शोधलंत तर फक्त सरळमार्गी प्रती सापडतात. कुणीतरी त्यातला रेग्युलर एक्स्प्रेशन उचलून आयातीच्या स्क्रिप्टमध्ये चिकटवलेला असतो. कुणीतरी तेच काम डेटाबेसच्या ट्रिगरमध्ये केलेलं असतं. म्हणून नावासोबत त्यातल्या खास तुकड्यानेही शोधा, आणि मुख्य रेपॉझिटरीबाहेर बघा: क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्ट, डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसीजर, मोबाइल अ‍ॅप, सपोर्टवाल्यांकडची हाताने चालवायची एसक्यूएल.

सावध : या टप्प्यावर नावं बदलू नका, फॉरमॅटर चालवू नका. पुढच्या टप्प्यात इतिहास वाचायचा आहे, आणि त्यावर आपणच माती टाकण्यात अर्थ नाही.

## २. ते का आलं, ते इतिहासातून काढा

कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधलं 'गिट ब्लेम' ओळीला शेवटचा हात कुणी लावला ते सांगतं, ओळ जन्माला कुणी घातली ते नाही. मधे कुणी इंडेंटेशन बदललं असेल तर त्या बिचाऱ्याचं नाव येतं, आणि लोक त्यालाच जाऊन विचारतात. त्यासाठी ब्लेमला छोटा डब्ल्यू हा पर्याय द्या, म्हणजे मोकळ्या जागेतले बदल वगळले जातात. कॅपिटल सी दिला तर दुसऱ्या फाइलमधून हलवलेल्या ओळींचाही माग लागतो. संपूर्ण कोडबेसवर फॉरमॅटर फिरवल्याचे कमिट असतील, तर त्यांची यादी फाइलमध्ये ठेवून ब्लेमला ते कमिट दुर्लक्षित करायला सांगता येतं. ही सोय गिटच्या २.२३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून आहे.

जन्म शोधायला 'गिट लॉग'चा कॅपिटल एस हा पर्याय जास्त उपयोगी. दिलेला तुकडा फाइलमध्ये जितक्या वेळा येतो तो आकडा ज्या कमिटमध्ये बदलला, तेवढेच कमिट तो दाखवतो. यादीत सगळ्यात खालचा कमिट बघा. एक खाच लक्षात ठेवा: ओळ त्याच फाइलमध्ये नुसती वरखाली झाली तर आकडा बदलत नाही, म्हणून तो कमिट दिसत नाही. तसा संशय असेल तर कॅपिटल जी वापरा.

सापडलेल्या कमिटचा संदेश बहुधा 'फिक्स' एवढाच असेल. त्यावर हताश होऊ नका. त्याच माणसाचे त्या दोन-तीन दिवसांतले बाकीचे कमिट वाचा, सोबत कुठली टेस्ट बदलली ते बघा, टिकेटचा नंबर असेल तर तिथल्या चर्चेत शिरा. कोडबेस जुन्या व्हर्जन कंट्रोलमधून गिटमध्ये आणलेला असेल आणि इतिहास 'पहिली आयात' या एका अवाढव्य कमिटपाशी थांबत असेल, तर जुनी रेपॉझिटरी कुठे पडून आहे ते विचारा.

शेवटी ही ओळ भरा: 'अमुक परिस्थिती असताना तमुक होऊ नये म्हणून हे आलं.' आपल्या उदाहरणात ती अशी: टेबलं तीन बाइटांची असताना इमोजी आल्यावर साठवणं फसू नये म्हणून.

तपासा : 'अमुक परिस्थिती'च्या जागी ठोस, आज जाऊन बघता येईल अशी गोष्ट लिहिली आहे का? नसेल तर तिसरा टप्पा करताच येणार नाही. अशा वेळी थेट चौथ्यावर जा आणि तिथे दुप्पट वेळ द्या.

## ३. कारण अजून जिवंत आहे का?

इथे 'आपण कधीच अपग्रेड केलंय' हे उत्तर धरू नका. ते खोटं नसतं, अर्धवट असतं.

टेबलाचा डीफॉल्ट कॅरेक्टर सेट बदलणं आणि आधीचे कॉलम रूपांतरित करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं केलं तर फक्त यापुढे जोडले जाणारे कॉलम नवे होतात, जुने तसेच राहतात. म्हणून टेबल न बघता प्रत्येक कॉलम बघा. मग कनेक्शन बघा. कॉलम चार बाइटांचा असला तरी अ‍ॅप्लिकेशन जुन्या कॅरेक्टर सेटने जोडलं जात असेल, तर मधल्यामधे तेच नुकसान होतं. एका अ‍ॅप्लिकेशनचं कनेक्शन तपासून बाकीची तशीच असतील असं समजू नका. रात्रीच्या जॉबची कॉन्फिग फाइल वेगळी असते आणि ती सहसा कुणाच्याच लक्षात नसते. जुन्या नोंदी हलवायचं आर्काइव्ह टेबलही विसरू नका. रूपांतराच्या वेळी ते हमखास सुटतं.

एवढं झाल्यावर गाळणी फक्त स्वतःच्या मशीनवर बंद करा आणि खरा मजकूर साठवून परत वाचा. नुसता एरर आला नाही एवढ्यावर जाऊ नका. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा मजकूर आला की एरर देणारी सेटिंग) बंद असेल तर मायएसक्यूएल पहिल्या न झेपणाऱ्या अक्षरापाशी मजकूर कापतो आणि फक्त वॉर्निंग देतो. ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो, पण जुन्या सर्व्हरवरून आणलेल्या कॉन्फिगमध्ये तो बंद केलेला सापडतो. ते बंद करणं हेही बहुधा कुणाचं तरी ठिगळच.

टेस्टसाठी मराठी मजकूर टाकून 'चालतंय' म्हणू नका. देवनागरी अक्षरं यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांची असतात, म्हणून ती जुन्या टेबलातही व्यवस्थित बसायची. चार बाइटांचं काही हवं असेल तर इमोजी घ्या, नाहीतर मोडी लिपी घ्या. मोडीची अक्षरं चार बाइटांची आहेत.

सावध : कारण जिवंत निघालं तर काढायचा विचार तिथेच सोडा. काही ठिगळं कायमची असतात. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल त्या वर्षी २९ फेब्रुवारी धरतं, कारण लोटस १-२-३ हा त्याआधीचा स्प्रेडशीट प्रोग्रॅम तसं धरायचा आणि त्या फाइलींशी जुळवून घेणं भाग होतं. आज ते 'सुधारलं' तर जगभरच्या शीटमधल्या तारखा एका दिवसाने सरकतील. अशा ठिगळाला नीट नाव द्या, कारण कॉमेंटमध्ये लिहा, एक टेस्ट लावा आणि पुढच्या कामाला लागा. हीसुद्धा साफसफाईच आहे.

## ४. आज यावर कोण टेकलंय?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा, आणि सगळ्यात कमी दिला जातो तोही इथेच.

हायरमचा नियम म्हणतो, वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या सिस्टिमच्या प्रत्येक दिसणाऱ्या वर्तनावर कुणी ना कुणी विसंबून असतं. तुम्ही काय कबूल केलं होतं याला किंमत नाही. २०१०मध्ये ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीतल्या 'मेमकॉपी'ने बाइट कॉपी करण्याची दिशा काही प्रोसेसरांवर बदलली. एकमेकांवर पडणाऱ्या जागांसाठी हे फंक्शन वापरू नका असं दस्तऐवजात कायमच लिहिलेलं होतं. तरी ६४ बिटच्या फ्लॅश प्लेअरचा आवाज बिघडला, कारण तो नेमका तसंच वापरत होता. नियमाने चूक फ्लॅशची. ऐकणाऱ्याला मात्र आवाज खराब येतो एवढंच कळतं.

आपल्या गाळणीमागे कोण लपलेलं असू शकतं ते बघा.

पहिला, युनिक इंडेक्स. 'यूटीएफ८एमबी४ जनरल सीआय' आणि 'युनिकोड सीआय' या जुन्या कोलेशनमध्ये (अक्षरांची तुलना करण्याच्या नियमांत) मूळ बहुभाषिक पट्ट्याबाहेरच्या, म्हणजे चार बाइटांच्या, सगळ्या अक्षरांना एकच वजन मिळतं, म्हणजे कुठलाही इमोजी दुसऱ्या कुठल्याही इमोजीच्या बरोबर धरला जातो. टॅगच्या नावावर युनिक इंडेक्स (तेच मूल्य दुसऱ्यांदा न घेणारा) असेल तर पहिला एका इमोजीचा टॅग साठेल आणि दुसरा, पूर्ण वेगळा असूनही, डुप्लिकेट म्हणून परत येईल. गाळणी असेपर्यंत ही वेळच येत नव्हती.

दुसरे, फाइली. ठरावीक रुंदीची फाइल बाइट मोजून वाचणारी एखादी जुनी सिस्टिम असेल, तर एका इमोजीने त्या ओळीतले पुढचे सगळे रकाने सरकतात.

तिसरं, लांबी. जावास्क्रिप्ट एका साध्या इमोजीची लांबी २ सांगतं, डेटाबेस १ सांगतो, आणि बाइट मोजणारा कोड ४. गाळणीमुळे निदान पहिल्या दोघांचं जुळत होतं.

चौथं, गाळलेल्या मजकुरावरून काढलेलं काहीही: चेकसम, कॅशची की, डुप्लिकेट ओळखायचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा). जुन्या नोंदींचा हॅश गाळलेल्या मजकुराचा आणि नव्यांचा पूर्ण मजकुराचा झाला की तीच नोंद दोनदा शिरते.

डोक्याने एवढं सुचलं तरी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. ठिगळाच्या आत मोजणी लावा: खरोखर काही बदललं तेव्हाच आकडा वाढवायचा, आणि कुठल्या वाटेने हाक आली ते नोंदवायचं. मजकूर लॉगमध्ये लिहू नका. तो लोकांचा खाजगी मजकूर आहे, आणि लॉग वाचणारे वाटतात त्यापेक्षा जास्त असतात.

किती दिवस मोजायचं? कामाचं एक पूर्ण चक्र. एका कामात आम्ही तीन आठवडे मोजलं, दोनच वाटा दिसल्या, वेब फॉर्म आणि अ‍ॅप. दोन्ही तपासून गाळणी काढली. चौथ्या आठवड्यात महिनाअखेरची फाइल निघाली आणि घेणाऱ्या बाजूने ती परत पाठवली. आणखी आठ दिवस थांबलो असतो तर ती वाट मोजणीत आली असती. महिनाअखेर, तिमाही, वर्षअखेर यांपैकी जे काही तुमच्या सिस्टिमला लागू असेल, त्यावरून मुदत ठरवा.

तपासा : आकडा शून्य दिसला तर आधी मोजणीवरच संशय घ्या. प्रॉडक्शनमध्ये स्वतःच्या चाचणी-खात्यातून एकदा मुद्दाम इमोजी पाठवा. आकडा एकने वाढला तरच त्या शून्याला अर्थ.

## ५. सध्याचं वर्तन टेस्टमध्ये गोठवा

आता टेस्ट लिहा, पण 'असायला हवं' त्याच्या नाही, 'आहे' त्याच्या. वर्तन चुकीचं दिसलं तरी टेस्टमध्ये तेच लिहायचं आणि शेजारी कॉमेंट टाकायची. इथेच दुरुस्त करायचा मोह होतो. तो आवरा, नाहीतर नंतर काही बिघडलं तर कशामुळे ते कळणार नाही.

कडेचे इनपुट घ्या: रिकामा मजकूर, नल, फक्त इमोजी असलेला मजकूर. हा शेवटचा फार बोलका असतो. 'नाव आवश्यक' ही तपासणी गाळणीच्या आधी होत असेल, तर फक्त इमोजीचं नाव तपासणीतून पार होतं आणि टेबलात रिकामं जाऊन बसतं. अशा नोंदी तुमच्याकडे आहेत का ते आजच बघा.

जोड-इमोजीही घ्या. कुटुंबाचा इमोजी म्हणजे तीन-चार इमोजी आणि त्यांना सांधणारे अदृश्य 'झिरो विड्थ जॉइनर'. हा जॉइनर तीन बाइटांचा आहे, म्हणून गाळणी इमोजी काढते आणि जॉइनर मागे ठेवते. जुन्या डेटात न दिसणारी अक्षरं पडून असतात ती अशी.

## ६. उसवण्याचा क्रम

प्रत्येक पाऊल वेगळा कमिट, शक्यतो वेगळा डिप्लॉय (सर्व्हरवर नवा कोड चढवणं).

१. विखुरलेल्या सगळ्या प्रती एका फंक्शनमधून जाऊ द्या. वर्तन बदलायचं नाही. पाचव्या टप्प्यातल्या टेस्ट जशाच्या तशा पास व्हायला हव्यात.

२. वाचणाऱ्यांना तयार करा. निर्यात, कोलेशन, लांबीच्या तपासण्या, मोबाइल अ‍ॅप या सगळ्यांना नवा मजकूर झेपतो हे आधी पक्कं करा. लिहिणारी बाजू अजून गाळतच राहील.

३. लिहिणाऱ्या बाजूवर फ्लॅग लावा, म्हणजे चालू केली की गाळणी थांबवणारी कळ, मुळात बंद.

४. फ्लॅग थोड्या खात्यांसाठी चालू करा, मग वाढवत न्या.

५. सगळीकडे चालू होऊन चक्र पूर्ण झालं की गाळणीचा कोड काढा.

६. फ्लॅग काढा.

दुसरं आणि तिसरं पाऊल उलटं करण्याची चूक सर्रास होते. कारण असं दिलं जातं की फ्लॅग आहेच, बिघडलं तर बंद करू. पण फ्लॅग बंद केल्याने कोड मागे जातो, डेटा जात नाही. तासाभरात साठलेले इमोजी टेबलातच राहतात, आणि तयार नसलेले वाचणारे त्यांच्यावर अडखळत राहतात.

फ्लॅग वापरकर्त्याच्या टक्केवारीवर लावू नका. एकाच नोंदीवर दोघे काम करत असतील, तर फ्लॅगवाला इमोजी लिहितो आणि बिनफ्लॅगवाला तीच नोंद साठवताना तो गाळतो. फ्लॅग नोंदीच्या मालकीवर, म्हणजे खात्यावर किंवा संस्थेवर ठेवा.

ठिगळ फक्त काहीतरी हिशेब करून उत्तर देणारं असेल, तर जुना आणि नवा असे दोन्ही रस्ते एकत्र चालवून उत्तरं ताडून बघता येतात. वापरणाऱ्याला जुनंच उत्तर द्यायचं. रूबीसाठी गिटहबची 'सायंटिस्ट' ही लायब्ररी नेमकं हेच करते. ठिगळ लिहीत, पाठवत किंवा पैसे कापत असेल तर ही युक्ती नको. सगळं दोनदा होईल.

सावध : जुन्या, बंद पडलेल्या फ्लॅगचं नाव नव्या कामाला वापरू नका, आणि डिप्लॉय प्रत्येक सर्व्हरवर पोचला का ते मोजून बघा. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर-व्यवहाराच्या कंपनीत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला होता, आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचला नव्हता, आणि त्या एका सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला कोड जागा झाला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. मेलेला कोड वेळेवर काढला असता तर जागं व्हायला काही उरलंच नसतं.

## ७. मागे राहिलेला डेटा

हे काम कोड काढण्याच्या डिप्लॉयमध्ये घुसडू नका. गाळलेला मजकूर परत येत नाही हे आधीच सगळ्यांना सांगून टाका, म्हणजे नंतर अपेक्षा उरत नाहीत.

अदृश्य जॉइनर साफ करायची स्क्रिप्ट कुणीतरी उत्साहाने लिहील. ती अडवा. मराठीतला आडवा रफार काही जुन्या कीबोर्डवरून र, हलन्त आणि हाच जॉइनर असा टाइप झालेला असतो. सरसकट जॉइनर उडवले की डोंगरातल्या 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. काढायचेच असतील तर ज्यांच्या आधी हलन्त नाही एवढेच काढा, आणि आधी हजारभर नोंदी डोळ्यांनी बघा. अरबी-फारसी किंवा इतर लिप्यांचा मजकूर असेल तर तोही वेगळा तपासा.

या ठिगळाचं भावंड म्हणजे १९१. इनोडीबीत (मायएसक्यूएलच्या डेटा साठवणाऱ्या इंजिनात) इंडेक्सच्या कॉलमला ७६७ बाइटांची मर्यादा होती. तीन बाइटांनी २५५ अक्षरं बसायची, चार बाइटांनी १९१. म्हणून कित्येक स्कीमांत 'व्हारचार १९१' असा चमत्कारिक आकडा दिसतो. नव्या रो फॉरमॅटमध्ये मर्यादा ३०७२ बाइटांची आहे, तेव्हा तो आकडाही जाऊ शकतो. पण आज नाही. ते वेगळं ठिगळ आहे, आणि त्यालाही पहिल्या टप्प्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

## ८. उरलेले धागे

कोड गेला तरी त्याची सावली राहते: मॉनिटरिंगमधला अलर्ट, सपोर्टच्या उत्तरांमधलं 'नावात इमोजी चालत नाही', एपीआयच्या दस्तऐवजातली तळटीप, पाचव्या टप्प्यातल्या 'हे चुकीचं आहे' अशा कॉमेंटवाल्या टेस्ट. टेस्ट पुसू नका. त्यांतली अपेक्षा नव्या वर्तनाला साजेशी करा, म्हणजे गाळणी परत कुणी आणली तर त्या लाल होतील.

काढण्याच्या कमिटच्या संदेशात चार गोष्टी लिहा: ठिगळ काय करत होतं, कुठल्या परिस्थितीसाठी आलं, ती परिस्थिती संपल्याचा पुरावा काय, आणि किती दिवस मोजून कुठल्या वाटा सापडल्या. चौथ्या टप्प्यात लावलेली मोजणी पुढची महिनाअखेर उलटेपर्यंत राहू द्या. ती काढण्याचं टिकेट आत्ताच, तारीख टाकून, स्वतःच्या नावावर उघडा.